फामेनच्या स्तूपगर्भातील जलकुंडिका

चीनच्या शेन्सी प्रांतात, प्राचीन छांगआन म्हणजे आजच्या शिआन नगराच्या पश्चिमेस सुमारे ११० किलोमीटर अंतरावर, फामेन-स नावाचा विहार आहे. ‘फा’ म्हणजे धम्म आणि ‘मेन’ म्हणजे द्वार. तेव्हा या विहारास आपण ‘धम्मद्वार विहार’ म्हणू शकतो. येथील मिंगकालीन विटांचा स्तूप २४ ऑगस्ट १९८१ रोजी पावसात अर्धा कोसळला. पुढे १९८७ च्या एप्रिलमध्ये त्याचा पाया मोकळा करताना खाली दगडी तळघर लागले. इ.स. ८७४ च्या आरंभी तांग सम्राट शी-त्सुंग याच्या काळात ते बंद झाले होते आणि त्यानंतर अकराशे वर्षे त्यास कोणाचा हात लागलेला नव्हता. आत भगवान बुद्धांच्या मानल्या गेलेल्या अंगुली-अस्थी होत्या, सोन्याचांदीची शेकडो तोळ्यांची पात्रे होती, रेशीम होते, पश्चिम आशियातून आलेली काचपात्रे होती आणि या साऱ्या झगमगाटात एक वीतभर उंचीची, हिरवट झिलईची मातीची सुरई होती.

प्रस्तुत लेख या सुरईविषयी आहे. तळघरातील सुवर्णमंजूषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या मातीच्या पात्राविषयी मात्र कलेचे अभ्यासकच बोलतात आणि तेही तिच्या रंगापुरते. बौद्ध वाचकाने तिच्याकडे पाहावे यास अधिक सबळ कारणे आहेत.

प्रथम वस्तू कशी आहे ते पाहू. उंची २१.५ सेंटिमीटर, तोंड अवघे २.२ सेंटिमीटर रुंद. मान लांब व सडपातळ. मान जेथे पोटाला मिळते तेथे उठावाची वलये. पोट फुगीर आणि त्यावर वरून खाली उतरणाऱ्या आठ शिरा, त्यामुळे भोपळ्याच्या फाकांसारखे आठ भाग पडलेले. चित्र नाही, फूल नाही, अक्षर नाही. सर्वांगावर एकाच रंगाची पातळ, पारदर्शक, निळसर हिरवी झिलई आहे आणि तिच्यावर केसासारख्या सूक्ष्म भेगांचे जाळे आहे. ती सापडली तेव्हा तिच्यात २९ रंगीत मणी होते. चिनी विद्वान तिला ‘चिंग-श्वेइ-फिंग’ म्हणतात. ‘चिंग’ म्हणजे शुद्ध, ‘श्वेइ’ म्हणजे पाणी, ‘फिंग’ म्हणजे सुरई. पालीत यास जवळचा शब्द ‘कुण्डिका’. जातककथांतील तापसांच्या हाती ती वारंवार दिसते. म्हणून येथे तिला आपण जलकुंडिका म्हणू.

आपण ‘चिनी माती’ हा शब्द सैलपणे वापरतो. लोणच्याची बरणी, चहाची कपबशी आणि राजवाड्यातील कलश हे सर्व आपल्या लेखी चिनी मातीचेच. पाश्चात्त्य वर्गीकरणाप्रमाणे पांढऱ्या, अर्धपारदर्शक, अतिउष्ण भट्टीत भाजलेल्या पात्रासच खरे ‘पोर्सेलिन’ म्हणतात आणि त्या मापाने ही कुंडिका करड्या अंगाच्या दगडी भांड्यांत बसते. चिनी भाषेत असा भेद नाही. घट्ट भाजलेले, झिलईचे, टिचकी मारली असता नाद देणारे पात्र म्हणजे ‘त्स’. तळघरातील शिलालेखही या पात्रांस ‘त्स’ असेच म्हणतो. आपणही तोच शब्दार्थ प्रमाण मानू.

हा शिलालेख म्हणजे दानवस्तूंची यादी आहे. तळघर बंद करताना कोणती वस्तू कोणी दिली, किती नग, किती वजन, हे दगडावर कोरून तो आत ठेवण्यात आला. सम्राटाच्या दानांत ‘मि-से’ जातीच्या त्स-पात्रांचे १३ नग नोंदले आहेत : ७ वाडगे व ६ ताटल्या-तबकड्या. ‘मि-से’ म्हणजे गुप्त रंग. यादीतील नग आणि प्रत्यक्ष सापडलेले नग ताडून पाहता येताच एक हजार वर्षांचा वाद मिटला. कारण ‘मि-से’ हे नाव चिनी वाङ्मयात होते, नवव्या शतकातील कवी लू क्वेइमंग याने त्यावर कविता केली होती, परंतु तो रंग नेमका कोणता हे कोणासही ठाऊक नव्हते. वस्तू नाहीशी झाली होती आणि नाव तेवढे उरले होते. आपली जलकुंडिका या तेरांत नाही, ती चौदावी आहे. यादीतील मि-से पात्रांत तिचा उल्लेख नाही. परंतु झिलई, अंग व भाजणी तीच असल्यामुळे तीही त्याच जातीची ठरली.

नावातील ‘गुप्त’ कशामुळे? सुंग काळातील लेखकांनी असे स्पष्टीकरण दिले की दक्षिणेतील वू-युए राज्याच्या (इ.स. ९०७ ते ९७८) राजांनी ही पात्रे केवळ राजदरबारासाठी राखून ठेवली, अमात्यांस व प्रजेस ती वापरण्याची मनाई होती, म्हणून रंग गुप्त. परंतु लू क्वेइमंगची कविता या राज्याच्या स्थापनेपूर्वीची आहे, ही गोष्ट सुंग काळातच एका लेखकाने दाखवून दिली होती. तेव्हा मनाईची ही कथा उत्तरकालीन आहे. तथापि, ती लोकांस इतकी सहज पटली यातच दरबारी समाजाची मनोरचना दिसते. रंग जितका दुर्मीळ, तितका तो वरच्यांचा! पुढे मिंग सम्राटांनी १५३० मध्ये चार वेदींच्या पूजापात्रांस चार रंग ठरवून दिले : आकाशास निळा, पृथ्वीस पिवळा, सूर्यास तांबडा, चंद्रास शुभ्र. चिंग घराण्यात तर आतबाहेर पिवळे पात्र सम्राट, राजमाता व पट्टराणी यांनाच चाले, त्याखालच्या राणीस बाहेरून पिवळे व आतून पांढरे, त्याखालचीस आणखी वेगळे. ताटाच्या रंगावरून जेवणाऱ्याची पायरी ओळखावयाची. ‘वर्ण’ या शब्दाचा मूळ अर्थ रंग असा आहे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

हा रंग कसा उत्पन्न होतो तेही पाहण्यासारखे आहे. झिलईत वेगळा रंग घातलेला नसतो. लाकडाची राख व माती पाण्यात कालवून केलेल्या रबडीत दोन-तीन टक्क्यांच्या आसपास लोह असते, ते मातीतूनच येते. भट्टीत मोकळी हवा असेल तर लोह तांबूस-पिवळे होते, धूर कोंडून प्राणवायू तोडला तर तेच लोह हिरवे-निळे होते. सारे कौशल्य हवेवर ताबा ठेवण्यात आहे. अडचण येते ती भट्टी निवताना. गरम पात्रास हवा लागली की हिरवा रंग पिवळटतो. सामान्य युए-भट्ट्यांतील पात्रे म्हणूनच बहुधा शेवाळी-पिवळसर दिसतात.

ही अडचण कुंभारांनी कशी सोडविली याचा पुरावा चच्यांग प्रांतातील शांगलिन सरोवराच्या काठी मिळाला. तेथील हौ-स्स-आओ या जागी २०१५ ते २०१७ या काळात उत्खनन झाले आणि फामेनच्या कुंडिकेसारख्याच अष्टकोनी सुरया व त्यांचे तुकडे हाती आले. त्यांच्याबरोबर त्यांची ‘घरे’ही सापडली. भट्टीत पात्रावर राख-धूर बसू नये म्हणून ते मातीच्या डब्यात ठेवून भाजतात. एरवी हा डबा जाड्याभरड्या मातीचा असतो व पुनःपुन्हा वापरला जातो. मि-से पात्रासाठी मात्र डबादेखील पात्राच्याच बारीक मातीचा केला जाई आणि त्याचे सांधे झिलईने लिंपून बंद केले जात. भट्टीत ती झिलई वितळून डबा हवाबंद होई. भट्टी निवताना बाहेरची हवा आत शिरत नसे, म्हणून रंग टिके. परंतु असा डबा उघडता येत नाही. तो फोडावाच लागतो. एका कुंडिकेमागे एक डबा, तिच्याइतक्याच मेहनतीने घडविलेला आणि फोडून टाकण्यासाठीच घडविलेला. ‘गुप्त रंगा’चे गुपित शेवटी या फुटक्या डब्यांच्या ढिगांत सापडले, ज्यांच्याकडे पूर्वी कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

आता कुंडिकेच्या उपयोगाकडे वळू. चिनी भिक्खू इत्सिंग हा इ.स. ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला, नालंदेत राहिला व ६९५ मध्ये स्वदेशी परतला. भारतातील विहारांत विनयाचे पालन प्रत्यक्ष कसे होते हे त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. त्यातील एक प्रकरण पाण्याच्या दोन भांड्यांविषयी आहे. एक पिण्याच्या शुद्ध पाण्याचे, दुसरे शौचास जाताना वापरावयाच्या पाण्याचे. शुद्ध पाण्याचे भांडे मातीचे अथवा त्स-चे असावे, दुसरे तांब्याचे अथवा लोखंडाचे. पहिले स्वच्छ हाताने धरावे व स्वच्छ जागी ठेवावे. दुसऱ्यास तो नियम नाही. शुद्ध कुंडिकेचे तोंड अगदी लहान असावे. आपल्या कुंडिकेच्या निमुळत्या मानेचा व चिमुकल्या तोंडाचा उगम या जुन्या विहारजीवनातील सोयीत आहे, असे मानावयास हरकत नाही. उघड्या तोंडाच्या भांड्यात धूळ व कीटक पडतात, आणि जीवजंतू असलेले पाणी भिक्खूने वापरू नये असा नियमच आहे. त्यासाठी गाळणे व धम्मकरक नावाचे गाळणीपात्र यांची अनुज्ञा चुल्लवग्गात दिलेली आहे.

परंतु इत्सिंगच्या लेखनातील एक शब्द आपल्यासारख्या वाचकास खटकल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्या भांड्यास तो ‘छू-फिंग’ म्हणतो. ‘छू’ म्हणजे स्पर्श केलेले. शुद्ध कुंडिका आणि स्पृष्ट कुंडिका! ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी संघर्ष केला आणि स्पर्शाने पाणी बाटते म्हणून काठ्यांचा मार खाल्ला, त्या समाजाने हा शब्द वाचून क्षणभर थांबणे स्वाभाविक आहे. विहारातही शिवाशिव होती काय?

या प्रश्नास बगल देणे योग्य नाही. इत्सिंगच्या अडीचशे-पावणेतीनशे वर्षे आधी आलेल्या फा-हियानने मध्यदेशातील चांडाल नगराबाहेर राहतात व नगरात शिरताना लाकूड वाजवीत येतात, म्हणजे लोकांना त्यांच्यापासून दूर सरता यावे, असे नोंदविले आहे. अशा समाजात विहार उभे होते. भोवतालच्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांचा वाराही त्यांना लागला नाही, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. खुद्द इत्सिंग उष्ट्या अन्नाविषयीचे भारतीय नियम मोठ्या संतोषाने सांगतो, आणि ते सर्व नियम विनयातून आलेले नाहीत.

तरीही दोन भांड्यांचा नियम त्याच्या मूळ स्थानी पाहिला पाहिजे. पाली विनयात ‘पानीय’ व ‘परिभोजनीय’ अशी पाण्याची जोडी पदोपदी येते : पिण्याचे पाणी आणि हातपाय धुण्यासारख्या वापराचे पाणी. शौचकूपासाठी ‘आचमनकुम्भी’ निराळी. हा भेद उपयोगाचा आहे. इत्सिंगच्या वर्णनातही ‘स्पृष्ट’ होतो तो शौचाचा हात, आणि तो प्रत्येक भिक्खूचा होतो, मग तो ब्राह्मणकुलातून आलेला असो वा उपालीसारखा न्हाव्याच्या कुलातून. हात धुतला की तोच भिक्खू त्याच हाताने शुद्ध कुंडिका उचलतो. जन्मभर न धुतला जाणारा हात येथे नाही. एका भांड्यावरून दुसऱ्या भांड्याकडे जाण्यास पाणी व माती पुरते. गायत्री, गोमूत्र वा प्रायश्चित्त लागत नाही. चवदार तळ्यावर ज्यांनी अडविले त्यांचा नियम याच्या अगदी उलट होता : जनावर प्यायले तर पाणी शुद्ध, माणूस प्यायला तर अशुद्ध.

शौचकूपातील पाण्याचे भांडे क्षुल्लक समजू नये. कोसंबीच्या भिक्खुसंघात जी प्रसिद्ध फूट पडली, तिचे निमित्त अट्ठकथेप्रमाणे हेच होते. एका धम्मकथिकाने शौचकूपातील भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयधराने तो दोष म्हणून दाखविला. पुढे शब्दाने शब्द वाढून संघ दुभंगला आणि तथागतांनी सांगूनही भिक्खू ऐकेनात, तेव्हा ते एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. नियम लहान होता, त्यामागचा अहंकार मोठा होता.

पाणी व जात यांविषयीची जी कथा आपल्या सर्वांस परिचित आहे ती आनंद व मातंगकन्या प्रकृती यांची. विहिरीवर आनंद पाणी मागतात, ती आपली जात सांगून संकोचते, आणि आपण जात नव्हे तर पाणी मागितले आहे, अशा आशयाचे उत्तर ते देतात. पाली तिपिटकात ही कथा नाही. ती संस्कृत दिव्यावदानात आहे. प. पू. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रकृतीच्या धम्मदीक्षेस स्थान दिले. ही कथा चिनी भाषेत तिसऱ्या शतकातच अनुवादित झाली होती, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. म्हणजे शांगलिन सरोवराकाठच्या कुंभारांनी शुद्धजल-कुंडिका घडविली तेव्हा, मातंगकन्येच्या घागरीतील पाणी शुद्ध असते हे चिनी धम्मवाङ्मयाने सांगून सहाशे वर्षे झाली होती.

फामेनच्या तळघरात या मातीच्या पात्राशेजारी आणखी एक पात्र होते. शुद्ध सोन्याचे भिक्षापात्र! अस्थींच्या स्वागतार्थ इ.स. ८७३ मध्ये ते राजकीय कारखान्यात मुद्दाम करविले गेले, असे त्याच्यावरच कोरले आहे. विनय जाणणाऱ्यास हे पाहून काय वाटावे? राजगृहाच्या श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगले आणि पिण्डोल भारद्वाजाने ऋद्धिबळाने ते उतरवून आणले, तेव्हा भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली, पात्र फोडून त्याची पूड करविली आणि लाकडी पात्रास मनाई केली. त्याच प्रकरणात सोने, रुपे, मणी, वैदूर्य, स्फटिक, कासे, काच, कथील, शिसे व तांबे यांच्या पात्रांस मनाई करून दोनच प्रकारांची अनुज्ञा दिली आहे : लोखंडाचे व मातीचे. सम्राटाने बुद्धास असे पात्र अर्पण केले, जे बुद्धाच्या कोणत्याही भिक्खूस हाती धरता आले नसते. (अस्थींची सर्वांत बाहेरची मंजूषा चंदनाची होती, ती कुजून गेली होती.) तळघरातील सर्व दानांत विनयाच्या दृष्टीने निर्दोष पदार्थ कोणता असेल तर तो माती. आणि नेमकी तीच माती ‘गुप्त रंगा’ची करून तिला सोन्याच्या पंक्तीस नेऊन बसविले गेले होते. दोन वाडग्यांवर तर बाहेरून लाख देऊन सोन्यारुप्याची पाने चिकटविली आहेत. मातीच्या साधेपणाचा राजदरबारास फार काळ धीर धरवत नाही.

भाजलेल्या मातीचे सौंदर्य तिपिटकास अपरिचित नव्हते. पाराजिककाण्डात धनिय या कुंभारपुत्र भिक्खूची कथा आहे. राजगृहाजवळ इसिगिलि पर्वताच्या उतारावर त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेस गेला असता गवत व लाकूड गोळा करणाऱ्यांनी ती मोडून नेली. असे तीन वेळा झाले. तेव्हा त्याने आपल्या वडिलोपार्जित कलेचा आधार घेतला. माती मळून सबंध कुटीच मातीची केली आणि गवत, लाकूड, शेण रचून ती भाजून काढली. ती मृगाच्या मखमली किड्यासारखी, पालीत ‘इन्दगोपक’, तांबडी दिसू लागली आणि घुंगरासारखी वाजू लागली. एकरंगी झळाळी आणि निर्मळ नाद! चिनी पारख्यांनी पुढे हजार वर्षे उत्तम त्स-पात्राची हीच दोन लक्षणे सांगितली. भगवंतांनी ती कुटी फोडावयास लावली. कारण माती मळताना व भाजताना असंख्य लहान जीव मेले होते आणि धनियाच्या मनात त्यांच्याविषयी करुणा नव्हती. दोष त्याच्या जातीत वा कलेत दाखविलेला नाही. पुढे याच धनियाने राजा बिंबिसाराची लाकडे नेली व त्यावरून दुसरा पाराजिक नियम झाला, ती कथा निराळी.

कुंभारकामाची सामाजिक किंमत काय होती तेही विनयपिटकच सांगते. पाचित्तियातील दुसऱ्या नियमात, कोणास जातीवरून, नावावरून वा धंद्यावरून हिणवू नये असे सांगताना, समाजात हीन मानल्या गेलेल्या धंद्यांची नामावली आली आहे : बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चांभारकाम, न्हावीकाम. ही नामावली बुद्धाने दिलेला दर्जा नव्हे. लोक काय बोलत होते त्याची ती नोंद आहे, आणि ते बोलणे भिक्खूच्या तोंडून आले तर तो अपराध ठरतो. याउलट मज्झिमनिकायातील घटीकार सुत्तात काशिराज किकीपेक्षा घटीकार कुंभारास श्रेष्ठ ठरविले आहे. घटीकार आंधळ्या मातापित्यांचा सांभाळ करी. तो कुदळीने वा हाताने जमीन खणत नसे. दरडीची ढासळलेली वा उंदरांनी उकरलेली माती घेई. भांडी मांडून ठेवी आणि तांदूळ, मूग वा चणे ठेवून ज्यास हवे ते त्याने न्यावे, असे सांगे. धनियाच्या कुटीतील दोष घटीकाराच्या चाकावर नाही. बारा बलुत्यांत कुंभारास कोणती जागा दिली गेली हे ज्यांनी गावात पाहिले आहे, त्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

आता हे दान कोणत्या काळात झाले ते पाहू. त्यावाचून कुंडिकेचा अर्थ अपुरा राहतो. फामेनच्या अस्थी राजवाड्यात नेण्याची तांग सम्राटांची प्रथा होती. इ.स. ८१९ मध्ये हान यू या पंडिताने तिचा निषेध करणारा अर्ज केला व त्याबद्दल त्यास दूर दक्षिणेत हद्दपार व्हावे लागले. त्याच्या अर्जात लोकांच्या उधळपट्टीची खरी चिंता होती, परंतु बुद्ध परदेशी म्हणून त्याज्य, हा आंधळा अभिमानही होता. ८४५ मध्ये सम्राट वू-त्सुंगने धम्मावर घाला घातला. त्याच्या फर्मानाप्रमाणे ४,६०० हून अधिक विहार पाडले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवावयास लावले. आपल्या लेखनात हे आकडे छळाचा पुरावा म्हणून नेहमी दिले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच फर्मानात आणखी एक आकडा आहे, तो सहसा दिला जात नाही. विहारांच्या मालकीच्या १,५०,००० दास-दासींची नावे करदात्यांच्या पटावर चढविली गेली. छळ करणाऱ्याने दिलेला आकडा म्हणून त्यात अतिशयोक्ती असू शकेल. परंतु ब्रह्मजालसुत्तात दास-दासींच्या स्वीकारापासून विरत राहणे हे शीलांत मोजले आहे, आणि विहारांजवळ दास होते ही गोष्ट काही शत्रूने निर्माण केलेली नव्हती. भिक्खुसंघ कशासाठी, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच उपस्थित केला. अशा इतिहासाकडे पाहिले म्हणजे तो किती मर्मावर बोट ठेवणारा आहे हे कळते.

वू-त्सुंगनंतर वारे फिरले. ८७३ मध्ये सम्राट ई-त्सुंगने अमात्यांचा विरोध डावलून अस्थी पुन्हा राजधानीत आणविल्या. जिवंतपणी दर्शन घडले तर मरणाचे दुःख नाही, अशी त्याची भावना होती. दुष्काळ व बंडाळी यांनी देश पोखरला असताना रस्ते सजले. एका शिपायाने आपला डावा हात तोडून तो उजव्या हातात धरला व पावलापावलावर वंदन करीत तो चालला, असे समकालीन वृत्तांत सांगतात. तोच उन्हाळा संपण्यापूर्वी सम्राट मरण पावला. त्याच्या अल्पवयीन पुत्राच्या राज्यात ८७४ च्या आरंभी अस्थी परत आणून सर्व दानांसह तळघर बंद झाले. त्यानंतर लवकरच ह्वांग छाओच्या बंडाचा भडका उडाला आणि पुढे राजधानीही बंडखोरांच्या हाती गेली. तळघराबाहेरचे सोने लुटले गेले, आतले वाचले.

महापरिनिब्बानसुत्तात आनंदाने तथागतांच्या देहाचे काय करावे असे विचारले असता, भिक्खूंनी शरीरपूजेच्या खटाटोपात न पडता स्वहितासाठी अप्रमत्त राहावे, असे त्यांना सांगितले गेले. तोडलेला हात धरून चालणारा शिपाई आणि हे वचन यांच्यामध्ये चौदाशे वर्षांचे अंतर आहे. त्याच सुत्ताच्या शेवटी एका भांड्याची गोष्ट आहे. अस्थींचे आठ वाटे करून युद्ध टाळणाऱ्या द्रोण ब्राह्मणाने स्वतःसाठी अस्थी मागितल्या नाहीत. ज्या भांड्याने वाटे मोजले ते त्याने मागून घेतले आणि त्यावर स्तूप उभारला. नवव्या शतकातील तळघरात कुंडिका ठेवणाऱ्यांना ही कथा आठवली होती की नाही, याचा शोध घेण्याचे कारण नाही. त्यांनी तीत रंगीत मणी भरले होते, म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे तत्कालीन तांत्रिक अभिषेकविधी होता. ज्या पात्राचा जन्म भिक्खूची तहान भागविण्यासाठी झाला, त्यात पाण्याऐवजी मणी आले.

आज ही कुंडिका फामेन विहाराशेजारच्या संग्रहालयाच्या ताब्यात आहे. बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयातही अशीच एक अष्टकोनी सुरई आहे. तिची खरी जात १९८७ नंतरच ओळखली गेली. मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू आहेत. त्या तांग काळाहून पुष्कळ अलीकडच्या असल्या, तरी एकरंगी झिलई म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर आपल्याकडे तेथे जाता येईल. फामेनला जाण्याचा योग ज्या उपासक-उपासिकांना येईल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की सुवर्णमंजूषांभोवती गर्दी असते. मातीची पात्रे बाजूला असतात आणि जलकुंडिका उंचीने एका वितीहून अधिक नाही.